घाम फुटला की बाद

आमच्या घरात दाब हा शब्द टीव्हीवाल्यांच्या आधीपासून आहे. आमचा दाब पाण्याचा. लोखंडाची पोकळ वस्तू चौकटीत घट्ट आवळायची, तिच्यात पाणी भरायचं, तोंड बंद करायचं आणि पंपानं आत आणखी पाणी रेटत न्यायचं. वर घड्याळासारखी तबकडी असते. तिच्यातला काटा चढत जातो. खुणेवर आला की पंप थांबवायचा आणि वस्तूकडे बघत बसायचं. चांगली असेल तर ती कोरडी राहते. कुठे केसाएवढी चीर असेल तर तिथे आधी दव पडल्यासारखं दिसतं, मग थेंब येतो. आमच्याकडे दाब बघणारा फिटर जवळच्या काकती गावचा, कानडी माणूस. वयानं माझ्याहून लहान, पण सगळे त्याला आप्पा म्हणतात म्हणून मीही म्हणते. थेंब दिसला की तो ओरडतो, "बेवरु!" कानडीत बेवरु म्हणजे घाम. घाम फुटला की तो पीस बाद. खडूनं फुली मारायची आणि कोपऱ्यात टाकायचा. मग तो कुणाच्या ओळखीचा आहे, कुणी पाठवला आहे, हे कोणी विचारत नाही.

म्हणून टीव्हीवरचा टाय लावलेला पोरगा पहिल्यांदा म्हणाला, की परदेशात शस्त्रं विकण्यावरून सरकारवर देशातून आणि बाहेरून दबाव वाढला आहे, तेव्हा मी बशीतला चहा पिता पिता म्हणाले, "मग काटा कुठवर आला ते सांग की."

सून हसली. माझा मुलगा हसला नाही. त्या दबावाखाली त्याचं वर्कशॉप होतं.

वर्कशॉप म्हणजे बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घराची मागची लांबट खोली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे हातमाग होते, नंतर यंत्रमाग आले. माझं अर्धं आयुष्य त्या खडखडाटात गेलं. मालक, म्हणजे मुलाचे वडील, वारले, साडीचं गिऱ्हाईक बाहेरगावच्या स्वस्त मालाकडे गेलं, आणि मुलानं माग भंगारात घातले. मी रडले नाही. लोखंड होतं, लोखंडाच्या भावानं गेलं. एक जुना लाकडी धोटा तेवढा ठेवून घेतला, दोन्ही टोकांना पितळ बसवलेला, ज्यातून आडवा धागा मागाच्या ह्या कडेवरून त्या कडेला पळतो तो. तो देवाजवळ असतो.

मागांच्या जागी मुलानं लेथ बसवले. आधी यंत्रमागाचे सुटे भाग, शेतातल्या पंपांचे भाग, उचगावकडच्या शेतकऱ्यांचं काय काय मोडलेलं, असं काम यायचं. थोडं यायचं पण वेगवेगळ्या दारांनी यायचं. एकानं तोंड फिरवलं तर दुसरा असायचा. मग एका मोठ्या कंपनीचं काम आलं आणि बाकी सगळी दारं ह्यानं आपल्या हातानं लावून घेतली. त्या कामाला सगळे 'खोळ' म्हणायचे. बोटांपासून कोपरापर्यंत भरेल एवढा लांब, जाड लोखंडाचा तुकडा, आतून पोकळ, एका टोकाला निमुळता. आम्ही त्याला आतून बाहेरून कातायचं, आटे पाडायचे, दाब बघायचा, पुसून कोरडा करायचा आणि कंपनीत पाठवायचा.

"कशाचं रं हे?" मी विचारलं.

"हायड्रोलिकचं सिलिंडर हाय, आई."

बेळगावात दर दुसरा माणूस हायड्रोलिकचं काहीतरी करतो. मला ते पटलं. पुसायचं काम माझ्याकडे होतं. जुन्या सुती लुगड्यांच्या चिंध्या मी साठवून ठेवते, त्यांनी पुसलं की दोरा सुटत नाही. पण पुसताना ते टोक हाताला लागायचं. मी जन्मभर धोटा हाताळला आहे. एखाद्या वस्तूला टोक काढलं, की तिला कशातून तरी घुसून पुढे जायचं असतं, एवढं मला कळतं.

"आप्पा, ह्या सिलिंडरला नाक कशाला रे काढलंय?"

आप्पा लेथच्या आवाजावरून ओरडला, "सिलिंडर कोन म्हनलं अव्वा? तोफेचा गोळा हाय की हे! वरची खोळ आपली, आतली दारू दुसऱ्याची."

जेवताना मी मुलाला विचारलं, खोटं का बोललास. तो म्हणाला, "तू उगंच डोस्क्यात घेशील म्हनून." मी म्हणाले, डोकं माझं आहे, काय घ्यायचं ते मी बघते. कुणाला जातं ते सांग. तो म्हणाला, सैन्याला. मग मी विषय सोडला. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. माझा भाऊ होता. सैन्याला गोळे लागतात, ते कुठेतरी होणार, माझ्या मागाच्या खोलीत झाले तर होऊ देत. मला त्यात अभिमानही वाटला नाही आणि वाईटही वाटलं नाही.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. हत्यार म्हणजे ज्याच्यावर पोट आहे ते. माग होते तेव्हा मागांची व्हायची. घरातल्या मोठ्या बाईनं हळदकुंकू लावल्याशिवाय त्या दिवशी कुठलंच चाक फिरवायचं नाही, ही माझ्या सासूच्या सासूपासूनची रीत. त्या वर्षी मी धोट्याला लावलं, लेथना लावलं, पंपाला, तबकडीला लावलं. आणि पाटावर मांडून ठेवलेल्या खोळींना एकेक बोट ओढलं. तेलकट लोखंडावर कुंकू चांगलं बसतं. आट्यांमध्ये तर फारच चांगलं बसतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी कंपनीतून फोन आला. मुलगा फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत होता. आत आला तो माझ्यावरच.

"आई, तू कुकू लावलतीस खोळीला?"

"नवमीला लावलं. रोज लावते व्हय?"

"आट्यात ऱ्हायलं ते! तिकडच्या तपासनिसानं लिवलंय, लाल गंज. सगळी गाडी अडकवून ठेवल्या!"

आप्पा पोट धरून हसायला लागला. सूनही पदर तोंडाला लावून हसत होती. कुंकवाला गंज म्हणणारा माणूस कुठला, म्हणून मीही हसणार होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"थांब जरा. आपल्या फौजेतल्या मानसाला कुकू कळत न्हाय?"

मुलगा फोनची काच शर्टाला पुसायला लागला.

"तिकडच्या म्हंजे कुठल्या तपासनिसानं?"

"बाहेरच्या," तो म्हणाला.

"बाहेरच्या म्हंजे? खानापूरच्या?"

मग त्यानं देशाचं नाव सांगितलं. ते नाव मी टीव्हीवर ऐकलेलं होतं. रोज ऐकत होते.

"तिथं तर लढाई चालूलाय की रं."

"म्हनून तर घेतात, आई. लढाई नसती तर काय वरातीत वाजवायला घेतील?"

त्या दिवसापासून मी पुसायला बसले नाही. जेवले मात्र त्याच पैशावर, ते लपवत नाही. पण हात लावणार नाही म्हणाले. आपल्या सीमेवर आपला भाऊ उभा असतो म्हणून गोळा करणं वेगळं. ज्यांच्याशी आपलं ना भांडण ना सोयरीक, अशा दोघांतल्या एकाला गोळे विकणं हा धंदा आहे. धंद्याला धंदा म्हणावं. त्याला देशसेवा म्हणून हार घालू नये. मुलगा म्हणाला, सरकारची परवानगी आहे, सरकारला कळत नाही आणि तुला कळतं का? मी म्हणाले, सरकारला काय कळतं ते कळेलच.

कळलं.

झालं असं. एका मोठ्या देशानं दिल्लीला विचारलं, तुमच्याकडचे गोळे तिथे कसे पोचले? त्या मोठ्या देशाकडून आपल्याला विमानांची इंजिनं हवी होती, म्हणून दिल्ली आधी म्हणाली आम्ही विकलेच नाहीत, आणि मग म्हणाली विकले, पण ते तिथे जातील हे माहीत नव्हतं. लगेच दुसरा एक मोठा देश रागावला, की त्यांचं ऐकून विक्री बंद केलीत तर आमच्याशी गाठ आहे. आपल्याला तेल ह्याच्याकडून घ्यायचं होतं. दिल्लीत विरोधी पक्षवाले उठले. कुणी कोर्टात गेलं. कॉलेजच्या पोरांनी मेणबत्त्या लावल्या. दुसऱ्या बाजूनं मिशाळ म्हातारे टीव्हीवर बसून टेबल बडवायला लागले, की हा नवा देश आहे, हा कुणापुढे वाकत नाही. आमच्या गल्लीतले रिकामटेकडेही तेच म्हणत होते, कट्ट्यावर बसून, तंबाखू मळत.

मी रोज ऐकायचे. ह्याचा दबाव, त्याचा दबाव. इंजिनाचा, तेलाचा, मतांचा, कारखानदारांचा. एकाही दिवशी कुणी म्हटलं नाही की ज्याच्या घरावर हे पडतं त्याचाही काही दाब आहे. त्याचा नसतोच. त्याच्याकडे तेल नाही, इंजिन नाही, आणि त्याचं मत आपल्या पेटीत पडत नाही. त्याच्यासाठी तबकडीवर खूणच काढलेली नाही.

एका दुपारी मुलाला मोबाईलवर कळलं, परवानगी थांबवली. कंपनीनं सांगितलं, माल पाठवू नका. केलेल्या खोळी खोलीत दारापर्यंत मांडून ठेवलेल्या. टीव्हीवर सरकारच्या बाजूनं बोलणारा माणूस, जो आदल्या आठवड्यात वाकत नाही म्हणत होता, तो आता सांगत होता की सर्व बाबींचा साकल्यानं विचार करून विक्री थांबवली आहे. कपाळ पुसत होता.

आप्पा दारातनं बघत होता. तो हळूच म्हणाला, "बेवरु."

मी उठले, त्याच्या खिशातला खडू घेतला आणि टीव्हीच्या काचेवर फुली मारली. सुनेनं संध्याकाळपर्यंत पुसली नाही.

एक सांगते. विक्री थांबली ह्याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चांगल्या कारणानं थांबली असती तर झाला असता. इंजिन मिळावं म्हणून थांबलेली गोष्ट तेल मिळावं म्हणून सुरू होणार, हे आम्हाला इथे कुणी शिकवायला नको. आम्ही सीमेवरची माणसं. आमच्यावरून दोन्ही राज्यांत दबाव येतो. दबाव आला की कुणीतरी बसच्या तोंडाला काळं फासतं आणि बस बंद. दबाव उतरला की बस सुरू. मधल्या दिवसांत ज्याला कोल्हापूरला दवाखान्यात जायचं असतं तो पिशवी घेऊन निपाणीच्या स्टँडवर बसलेला असतो. त्याला कोण विचारतं?

मी त्या दिवसांत निपाणीला गेले होते म्हणून आठवलं. गेले ती कामासाठीच. आमचा मुलगा डोक्याला हात लावून बसला होता. लेथ बंद, माणसं घरी, जुनी गिऱ्हाइकं ह्यानंच तोडलेली. मी म्हणाले, बसून काय अंडी घालणार आहेस? निपाणीला माझ्या बहिणीच्या दिराचं दुकान आहे, उसाच्या रसाच्या चरकांचं. चरकाचे रोलर झिजतात, ते कातून पाहिजे असतात. मी स्वतः जाऊन बोलले. तो म्हणाला, "आक्का, तुमचा लेक आता गोळेवाला झालाय म्हंतात. आमचे रोलर कातंल व्हय?" मी म्हणाले, "कातंल. न कातून सांगतो कुनाला?"

आणि कातले. मला त्या रोलरांचं कौतुक नाही, पण ते बघायला बरं वाटायचं. त्यांना टोक नसतं. आप्पा रोलरला हात लावून म्हणायचा, ह्याला घाम आला तर लोक पैसे देऊन पितात. पैसा कमी होता. मुलगा कुरकुरायचा, पण खोलीत आवाज सुरू झाला होता आणि एकेक माणूस परत येत होता. निपाणीच्या ओळखीनं चिकोडीकडचा एक माणूस आला, तेलघाणीचे भाग घेऊन. वर्षभर दम धरला असता तर बाकी दारं पुन्हा उघडली असती, हे मी अजूनही म्हणते.

त्याच सुमारास टिळकवाडीच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई आल्या. बरोबर दोन मुली. बाईंनी चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं, चांगल्या वागल्या. विक्री कायमची बंद करावी म्हणून दिल्लीला अर्ज पाठवत होत्या, त्यावर सह्या गोळा करत होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की वडगावातली एक म्हातारी खोळींना हात लावत नाही.

"आजी, तुमच्यासारख्या आईची सही असली तर फार वजन पडेल."

मी चौथीपर्यंत शिकले. हळू वाचते, पण वाचल्याशिवाय सही करत नाही. अर्जात लिहिलं होतं, अशा विक्रीमुळे जगात देशाची प्रतिमा डागाळते. मित्रदेश दुरावतात. आंतरराष्ट्रीय करारांचा भंग होऊ शकतो. मी कागद उलटून मागे बघितलं. मागे कोरा होता.

"बाई, ह्यात मानसं मरतात असं कुठं लिवलंय?"

त्या म्हणाल्या, "ते गृहीतच आहे, आजी. सरकारला पटतील अशी कारणं द्यावी लागतात."

"गृहीत म्हंजे?"

"म्हणजे, ते सगळ्यांना माहीतच असतं. वेगळं लिहायची गरज नसते."

"मग प्रतिमा बी सगळ्यांना ठाव असती की. ती कशाला लिवली?"

मुलींपैकी एक खाली बघून हसली. बाई रागावल्या नाहीत, पण ओशाळल्याही नाहीत. म्हणाल्या, मसुदा वकिलांनी केला आहे, आता बदलता येणार नाही. मी सही केली नाही. सुनेला वाटलं मी चुकले, बाईचा हेतू चांगला होता. असेल. मला राग त्यांच्या हेतूचा आला नाही, त्या गृहीत शब्दाचा आला. विकणारे मरणाऱ्यांना मोजत नाहीत आणि थांबवणारे त्यांना गृहीत धरतात. दोघांच्याही कागदावर ते नाहीतच.

पुढे निवडणूक जवळ आली आणि वारं फिरलं. कारखानदार एक झाले. इथल्या कामगारांचे हात रिकामे आहेत म्हणून मोर्चा निघाला. त्यात आमचा मुलगाही गेला, रोलर अर्धे सोडून. आमच्या भागातला पुढारी दिल्लीला जाऊन आला. इकडे मराठीत बोलला, तिकडे कानडीत बोलला, दोन्हीकडे म्हणाला की तुमच्या पोटावर पाय येऊ देणार नाही. मग टीव्हीनं सांगितलं, विक्री पुन्हा सुरू. मात्र त्या देशाला नाही. त्याच्या शेजारच्या देशाला.

"बघ," मुलगा म्हणाला, "आता तुझं काय म्हननं हाय? तिथं लढाई न्हाय."

"मग त्यास्नी गोळे कशाला?"

आप्पा खाली बघून म्हणाला, "अव्वा, काकतीस्नं बेळगावात याला दोन रस्ते हाईत. गाव मात्र योकच."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. पुढारी पूजेला येणार होता. पहिल्या खोळीला घरातल्या म्हातारीनं कुंकू लावायचं, फोटो काढायचा, मग त्यानं बटण दाबायचं, असं कंपनीच्या साहेबांनी ठरवलं होतं. मी म्हणाले, लेथला लावीन, खोळीला नाही.

"आई, माझ्या तोंडाला काळं फासूलाईस तू. घरात चार मानसं कामाला हाईत, त्यांची पोरं हाईत. रोलरवर हे सगळं चालतंय व्हय?"

"चालत आलतं की. तू पळालास मोर्चाला."

"तुला लई कळतंय. तू एवढ्या साड्या विणल्यास. त्यातल्या एखाद्या साडीनं कुनी फास लावून घेतला असंल तर? ती तुझ्या मानंवर काय?"

हे तो मनात बरेच दिवस घेऊन फिरत असणार. बोलून झाल्यावर स्वतःच दचकला.

मी म्हणाले, "साडी नेसायला विणली. तिनं कुनी फास घेतला तर साडी चुकली. तुझी खोळ नीट चालली तर काय हुतं, ते सांग मला."

तो उठून बाहेर गेला. तो वाईट माणूस नाही. भ्यालेला आहे. भ्यालेल्या माणसाला दाब देणं सोपं असतं, म्हणून तर सगळे देतात. मीही देत होते, हे मला कळत होतं. पण माझा दाब निदान तोंडावर होता.

दुसऱ्या दिवशी पुढारी आला. मागून गाड्या, फोटोवाले, कंपनीचे दोन साहेब. मुलानं नवा पांढरा शर्ट घातला होता. पुढारी माझ्या पाया पडला. पडायचं त्यांना चांगलं जमतं.

"आई, तुमच्या आशीर्वादानं काम सुरू होतंय. दिल्लीवर आम्हीच दबाव आणला."

"किती?"

"काय म्हणालात?"

"दाब. काट्यावर किती आलता?" मी तबकडी दाखवली. कामगार हसले. तोही हसला, त्याला वाटलं म्हातारी चेष्टेखोर आहे.

मी धोट्याला हळदकुंकू लावलं. लेथना लावलं. पंपाला, तबकडीला लावलं. पाटावर मधोमध झेंडूचा हार घातलेली खोळ होती. मी ताट खाली ठेवलं.

"आजी, ह्याला राहिलं," फोटोवाला म्हणाला.

"ऱ्हायलं न्हाय. लावायचं न्हाय मला."

मुलगा दाताखालून म्हणाला, "आई." पुढाऱ्यानं मान वाकडी करून, लहान पोराला समजावतात तसं म्हटलं, "आई, आपण नाही दिलं तर दुसरा कोणीतरी देणारच आहे ना."

"देऊ दे. दुसऱ्याच्या घरात माझं कुकू न्हाय."

कंपनीच्या साहेबानं सुनेकडे बघितलं. सुनेनं माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि चहाचं बघते म्हणून आत गेली. तिला मी कधी फार चांगलं म्हटलेलं नाही. त्या दिवशी मनात म्हटलं.

फोटोवाले ताटकळले होते. शेवटी पुढाऱ्यानंच ताट उचललं, चिमूटभर नव्हे, मूठभर कुंकू घेतलं आणि खोळीच्या तोंडावर भरलं. नेमकं आट्यांवर. दोन बोटांनी चांगलं आत चोळलं. मुलगा अडवायला हात पुढे करून गेला आणि तेच हात जोडून उभा राहिला. फोटो निघाले. बटण दाबलं. पंप सुरू झाला. पेढे वाटून गाड्या गेल्या.

ती कुंकू भरलेली खोळ कंपनीला जाणाऱ्या मालाच्या गाडीत चढवायची होती. मुलगा जमिनीवर बसला आणि ब्रशनं, रॉकेलनं आटे घासायला लागला. ओलं झालेलं कुंकू आणखी आत बसलं. बऱ्याच वेळानं तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. माझ्या चिंध्यांचं गाठोडं चुलीमागच्या फळीवर असतं, ते त्याला माहीत आहे. पण स्वतः घेतलं नाही. मागितलं.

"आई, एक चिंधी दे की."

"न्हाय."

"एक."

"एक बी न्हाय."

तो वळला. मग परत गेला, नवा शर्ट काढला आणि त्यानंच ती खोळ पुसली. शर्ट पुन्हा घालण्यासारखा राहिला नाही. बनियनवर बसून पुसत होता आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

काम जोरात सुरू आहे. मुलगा माझ्याशी बोलतो, जेवण झालं का, गोळी घेतलीस का, एवढंच. टीव्ही मी लावत नाही. पुन्हा कुठूनतरी दबाव आला म्हणून गल्लीत बोलतात. उद्या बंद होईल, परवा सुरू होईल, आणि ज्यांच्यावर पडतं त्यांना त्यातलं एकही कळवलं जाणार नाही.

निपाणीच्या चरकाचे दोन रोलर अर्धवट कातलेले लेथखाली पडून आहेत. बहिणीच्या दिराचा फोन आला होता, सुनेनं घेतला, होईल म्हणाली. मी त्यांना अधूनमधून तेल लावते. खरा गंज धरला तर ते कुणालाच पुसता येणार नाहीत. लावत असते तेव्हा मागे पंपाचा आवाज थांबतो. काटा खुणेवर आलेला असतो, आप्पा बघत बसलेला असतो. बहुतेक वेळा काही होत नाही, खोळ कोरडी राहते आणि गाडीत जाते. कधीतरी तो ओरडतो, "बेवरु!" आणि फुली मारल्याचा खडूचा आवाज येतो.

मी तेलाचा हात लुगड्याला पुसते आणि मुलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणते, "एक कमी झाला."